कवीने न बांधलेले घर

इंग्लंडच्या वायव्येकडील सरोवर-प्रदेशात रायडल नावाचे लहानसे गाव आहे. तेथील चर्चच्या पाठीमागे एक उतरते कुरण लागते. काही जुने वृक्ष, मधूनच डोके वर काढणारे खडक आणि वसंतात फुलणारी डॅफोडिल्स यांपलीकडे तेथे पाहण्यासारखे काही नाही. या कुरणाचे मूळ नाव ‘द रॅश’. आज ते ‘डोराचे शेत’ म्हणून ओळखले जाते. भाविकतेने येणारा काव्यप्रेमी येथे फुले पाहतो, डोरा ही विल्यम वर्डस्वर्थची मुलगी हे वाचतो आणि परततो. मीही पहिल्या खेपेस तसाच परतलो होतो. परंतु या जागेचे खरे महत्त्व तेथे जे नाही त्यात आहे, हे पुढे वाचनातून ध्यानात आले. १८२६ साली या उतारावर एक घर उभे राहायचे होते. केंडल या जवळच्या गावचा वास्तुविशारद जॉर्ज वेब्स्टर याने त्याचे नकाशेही काढले होते.

वर्डस्वर्थ तेव्हा पंचावन्न वर्षांचा होता. १८१३ पासून तो या कुरणाच्या वरच्या अंगास असलेल्या ‘रायडल माउंट’ या घरात भाड्याने राहत असे. घर ले फ्लेमिंग या जमीनदार घराण्याचे. १८२५च्या अखेरीस मालकीणबाईंनी आपल्या नात्यातील एका स्त्रीसाठी घर हवे असल्याचे सूचित केले. कवीने भांडण केले नाही. घराला लागूनच असलेले हे कुरण त्याने अवाच्या सवा किंमत देऊन विकत घेतले आणि तेथे स्वतःचे घर बांधण्याची तयारी आरंभली. हा खरोखरीचा संकल्प होता की मालकिणीस दिलेला सभ्य इशारा होता, याविषयी चरित्रकारांत तर्क चालतात. काही का असेना, मालकिणीने आपला विचार सोडला, कवी रायडल माउंटमध्येच राहिला आणि नवे घर कागदावर राहिले.

हा प्रसंग एरवी चरित्रातली एक तळटीप ठरला असता. पण घर कसे बांधावे हे उभ्या देशाला सांगण्याचे काम हा कवी तोवर सोळा वर्षे करीत आला होता. आपल्याकडे इंग्रजी वाङ्मय घेऊन पदवीधर झालेल्या पिढ्यांना वर्डस्वर्थ ठाऊक आहे तो निसर्गकवी म्हणून. त्याच्या हयातीत मात्र ज्या पुस्तकाने त्याचे नाव सामान्य प्रवाशांपर्यंत पोहोचविले ते ‘सरोवर-प्रदेशाची मार्गदर्शिका’ हे गद्य पुस्तक होय. एका धर्मोपदेशकाने कवीला भेटून, या मार्गदर्शिकेखेरीज आपण आणखी काही लिहिले आहे काय, अशी पृच्छा केली होती, ही आख्यायिका मॅथ्यू आर्नल्डने नोंदविली आहे. आपण तीवर हसतो. पण त्या धर्मोपदेशकाने निदान ते पुस्तक वाचले होते. वर्डस्वर्थवर प्रबंध लिहिणाऱ्या आपल्यापैकी कितीजणांनी ते वाचले असेल, याची मला शंका आहे.

१८१० साली ते प्रथम प्रसिद्ध झाले ते दुसऱ्याच्या चित्रसंग्रहाला जोडलेला निनावी मजकूर म्हणून. पुढे १८२० मध्ये ते ‘डडन नदी’ या सुनीतमालेच्या पुस्तकाला जोडले गेले, १८२२ मध्ये स्वतंत्र झाले आणि १८३५च्या पाचव्या आवृत्तीत त्याला अखेरचे रूप मिळाले. त्याचे मुख्य भाग तीन. निसर्गाने हा प्रदेश कसा घडविला, हा पहिला; माणसांनी त्यावर काय केले, हा दुसरा; आणि अलीकडच्या काळात काय बिघडत आहे व ते टाळण्यासाठी रसिकतेचे कोणते नियम पाळावेत, हा तिसरा. निसर्गरम्य म्हणून जपावयाच्या भूमीत नवे घर कसे असावे, याचा पद्धतशीर विचार जेथे झाला अशा आरंभीच्या लेखनात या तिसऱ्या भागाची गणना करावी लागेल.

असा विचार करणाऱ्याने स्वतः मात्र सरोवर-प्रदेशात घर कधी बांधले नाही. १७९९च्या डिसेंबरात तो बहीण डोरोथीसह ग्रासमिअरला आला तो एका जुन्या खाणावळीत, जिला आज आपण ‘डव्ह कॉटेज’ म्हणतो. तीही भाड्याचीच. १८०३ साली सर जॉर्ज ब्यूमाँट या चित्रकार-मित्राने स्किडॉ पर्वताच्या पायथ्याशी अ‍ॅपलथ्वेट येथे त्याला लहानशी जमीन भेट दिली. केझिकला राहणाऱ्या कोलरिजच्या शेजारी त्याने घर बांधावे, हा त्यामागचा स्नेहभाव. तेथेही घर झाले नाही. आणि १८०८ साली तर दैवाने त्याची थट्टाच केली. तीन वर्षांपूर्वी लिव्हरपूलच्या एका वकिलाने ग्रासमिअरच्या खोऱ्यात उंचवट्यावर ‘अ‍ॅलन बँक’ हे मोठे घर बांधण्यास आरंभ केला, तेव्हा संतापलेल्या वर्डस्वर्थने पत्रातून त्याला ओंगळपणाच्या देवळाची उपमा दिली होती. त्याच्या मते त्या एका वास्तूने अवघ्या खोऱ्याचे रूप बिघडले होते. कुटुंब वाढले, डव्ह कॉटेज अपुरे पडू लागले आणि खोऱ्यात दुसरे पुरेसे घर मिळेना, म्हणून त्याच अ‍ॅलन बँकेत त्याला बिऱ्हाड हलवावे लागले. तेथील धुराडी नीट चालत नसत. घर धुराने भरून जाई, याची गाऱ्हाणी डोरोथीच्या पत्रांत आहेत. घरबांधणीविषयीच्या त्या निबंधाचा पहिला पाठ त्याने लिहिला तो याच घरात बसून. धुराड्यांविषयी तो इतक्या जिव्हाळ्याने का लिहितो, याचे एक कारण येथेही असावे.

कारण धुराडी हा या प्रदेशातील घरांचा खरोखरीचा अलंकार आहे. चौकोनी बैठकीवर उभा असलेला दगडी गोल स्तंभ आणि त्याच्या तोंडावर पाऊस-वारा अडविण्यासाठी एकमेकींवर कलत्या ठेवलेल्या दोन स्लेटी. विटा जेथे नाहीत आणि चौकोनी कोपरा साधण्याजोगा दगड जेथे सहज घडविता येत नाही, तेथे गोल धुराडे बांधणेच सोपे पडते. पण त्या गोलाईवर उजेड ज्या मृदुपणे फिरतो आणि वारा पडलेल्या दिवशी तिच्यातून धूर जसा सरळ वर चढतो, त्याची नोंद कवीने घेतली, गवंड्याने नव्हे.

या घरांची अंतर्रचनाही समजून घेण्यासारखी आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून सुमारे शंभर वर्षांत येथील लाकूड-मातीची घरे जाऊन दगडी घरे आली. आर. डब्ल्यू. ब्रन्स्किल यांनी या प्रदेशातील लोकवास्तूंचा जो बारकाईने अभ्यास केला, त्यातून त्यांचा एक नमुना स्पष्ट होतो. एका बाजूने आत शिरताच ‘हॅलन’ नावाचा बोळ. त्याच्या एका अंगास ‘डाउनहाउस’, म्हणजे धुणे, मद्य गाळणे, सरपण ठेवणे अशी ओली-कोरडी कामे करण्याची जागा. दुसऱ्या अंगास ‘फायरहाउस’, म्हणजे चूल असलेले मुख्य दालन. आपल्या माजघराप्रमाणे सारे घर येथे जगे. चुलीवर मोठे छत्र असे आणि त्याच्या पोटात मेंढीचे मांस धुरावण्यासाठी टांगलेले असे. चुलीशेजारी भिंतीत मीठ-मसाला कोरडा ठेवण्याचे छोटे फडताळ, आणि त्याच्या दारावर नवरा-बायकोच्या नावांची आद्याक्षरे व साल कोरलेले. पलीकडे मालक-मालकिणीची निजण्याची खोली. मुले व गडीमाणसे माळ्यावर. काही घरांना बाहेरून, वळचणीखाली, लाकडी सज्जा असे. तो लोकरीच्या कामाचा म्हणून ओळखला जातो.

भिंती दोन-अडीच फूट जाडीच्या, भोवतालच्या शेतांतून वेचलेल्या दगडांच्या. छपरावर स्थानिक स्लेट. वळचणीपाशी सर्वांत मोठ्या, वर जावे तसतशा लहान होत गेलेल्या आणि आढ्यावर खाचा पाडून एकमेकींत गुंतविलेल्या. या गुंतलेल्या स्लेटींना तेथे ‘पहिलवान’ म्हणतात, हे मला फार आवडते. ही रचना सौंदर्यासाठी नाही. खाणीतून निघालेली एकही स्लेट वाया जाऊ नये आणि जड भार भिंतीजवळ राहावा, एवढाच हेतू. परंतु अशा खरबरीत छपरावर शेवाळ, दगडफूल, नेचे रुजतात आणि घर हळूहळू डोंगराच्या रंगात मिसळते. वर्डस्वर्थला ही घरे बांधलेली न वाटता उगवलेली वाटतात ती यामुळे.

उगवणे हा शब्द येथे निव्वळ अलंकार नव्हे. बापाने बांधलेल्या घराला मुलगा एक खोली जोडतो. नातू गोठ्याचे छप्पर वाढवितो. कोणी दाराशी दोन उभ्या स्लेटींचा आडोसा करतो. प्रत्येकाने आपल्या गरजेपुरते केले, कोणी कोणाला विचारले नाही, आणि पाच पिढ्यांनंतर जे झाले ते चित्रासारखे दिसू लागले. त्यामुळे याच नमुन्याचे घर नव्याने, एकदम आणि एका माणसाच्या कल्पनेतून बांधावयाचे म्हटले की मूलभूत अडचण उभी राहते. वास्तुविशारद दगड, स्लेट, धुराडे सारे आणू शकतो. पिढ्यांचे अंतर मात्र त्याला भासवावे लागते. एक बाजू थोडी उंच, दुसरी थोडी ठेंगणी. ही खोली जणू मागाहून जोडलेली, ती खिडकी जणू कोणीतरी बुजवून पुन्हा फोडलेली. अशी घरे पाहताना मला पुष्कळदा आर्ष प्रयोग पेरून लिहिलेल्या ऐतिहासिक कादंबऱ्यांची आठवण होते. काही चांगल्याही असतात.

वर्डस्वर्थला ही अडचण जाणवली होती, असे मानण्यास जागा आहे. त्याचे नियम अनुकरणावर नव्हे, संयमावर भर देतात. घर शिखरावर बांधू नये. बाहेरून आलेला माणूस देखाव्याच्या हव्यासाने उघड्या माथ्यावर घर बांधतो आणि वाऱ्याशी जन्मभर भांडत बसतो, तर जुना शेतकरी आडोसा पाहत असे. घर मागे सरलेले असावे; खोऱ्याने त्याला सामावून घ्यावे, त्याने खोऱ्यावर अधिकार सांगू नये. परदेशी झाडेझुडपे लावावयाचीच तर घरालगत लावावीत, दूरवर स्थानिक वृक्षच असू द्यावेत. लार्चच्या एकसुरी लागवडीवर त्याचा विशेष राग. आणि रंग! रंगाविषयी तो पानेच्या पाने लिहितो. घराचा रंग ठरवावयाचा असेल तर दगड उलटून पाहा किंवा मूठभर गवत मुळासकट उपटून मातीचा रंग पाहा, हा चित्रकार रेनल्ड्‌सचा सल्ला तो उद्धृत करतो आणि त्यात आपल्या शंकाही जोडतो. पांढऱ्या रंगाचा तर त्याला तिटकारा होता. डोंगरउतारावरचा पांढरा ठिपका दूर आणि जवळ यांतील सूक्ष्म पायऱ्या पुसून टाकतो, नजर त्या ठिपक्यांवरून उड्या मारीत जाते आणि देखाव्याचे तुकडे पडतात, असे त्याचे म्हणणे.

आज सरोवर-प्रदेशातील ‘पारंपरिक’ घर म्हटले की डोळ्यांपुढे काय येते? पांढऱ्या भिंती, काळसर हिरवे छप्पर. दुकानांतील चित्रपत्रांवर तेच असते. खुद्द डव्ह कॉटेजच्या भिंती पांढऱ्या आहेत. चुन्याची सफेदी ही काही तेथे नव्याने आलेली गोष्ट नव्हे. खरबरीत गिलाव्याचे रक्षण करण्यासाठी शेतकरी ती लावीत आले होते, आणि वर्डस्वर्थलाही ती ऊन-पावसाने विटलेली चालत असे. परंपरेचा पुरस्कार करणाऱ्याने परंपरेतील आपल्याला रुचेल तेवढेच उचलले, आणि पुढच्यांनी त्याच्या नावाने जे जपले त्यातले काही त्याला मुळीच रुचले नसते. ‘पारंपरिक’ हे विशेषण लावताना नेहमीच कोणीतरी निवड केलेली असते.

तथापि रंगापेक्षा गंभीर प्रश्न वेगळाच आहे. मार्गदर्शिकेतील एका वाक्यासाठी तिचे नाव आज संरक्षणाच्या इतिहासात घेतले जाते. हा प्रदेश म्हणजे एक प्रकारची राष्ट्रीय मालमत्ता असून, पाहण्यास डोळा आणि आनंद घेण्यास हृदय असलेल्या प्रत्येकाचा तीवर हक्क आहे, असा त्याचा आशय. राष्ट्रीय उद्यानांच्या चळवळीला या वाक्यात आपले बीज दिसले. पण हे वाक्य सहसा एकटेच सांगितले जाते. त्याच्या मागे काय येते?

मागे येते ती एका समाजाच्या अस्ताची नोंद. या खोऱ्यांत ‘स्टेट्समन’ म्हणविणारे लहान शेतकरी राहत. ते राजकारणी नव्हेत; ‘इस्टेट’ असलेले, म्हणजे वंशपरंपरेने चालत आलेल्या चार तुकड्यांवर हक्क असलेले. सतराव्या शतकात राजसत्तेशी झालेल्या वादात न्यायालयाने त्यांचा हा वारसाहक्क मान्य केला होता, आणि ती दगडी घरे त्यानंतरच्या निश्चिंतीतून उभी राहिली. जमीन थोडी, मेंढ्या डोंगरावर आणि जोडीला घरोघर चालणारी लोकरीची कताई. यंत्रे आली तशी कताई गेली. कताई गेली तशी जमिनी गहाण पडल्या. गहाण पडलेल्या जमिनी श्रीमंतांनी घेतल्या आणि जुन्या झोपड्यांच्या अवशेषांतून नवे वाडे उठविले. वर्डस्वर्थ हे सारे सांगतो आणि म्हणतो की, थोड्याच वर्षांत सरोवरांचा काठ जवळजवळ संपूर्णपणे धनिकांच्या हाती जाईल. तेव्हा निदान या नव्या मालकांनी अधिक चांगली रसिकता दाखवावी, जुन्यांनी नकळत जे साधले ते यांनी जाणून जपावे, अशी अपेक्षा करणे एवढेच उरते. राष्ट्रीय मालमत्तेचे वाक्य यानंतर येते. म्हणजे ज्या क्षणी घरातले कुटुंब हातचे गेले असे त्याने मनाशी मान्य केले, त्या क्षणी त्याने घराचे रूप वाचविण्याचे आवाहन केले. ते आवाहन केले तेही विकत घेणाऱ्यांना उद्देशून.

त्याची मूळ आस्था मात्र कुटुंबाविषयी होती. १८०१च्या जानेवारीत त्याने आपल्या ‘लिरिकल बॅलड्‌स’ची प्रत चार्ल्स जेम्स फॉक्स या राजकारण्याला पाठविली आणि सोबतच्या पत्रात ‘मायकेल’ व ‘द ब्रदर्स’ या कवितांकडे लक्ष वेधले. स्वतःच्या लहानशा जमिनीमुळे माणसाच्या कौटुंबिक भावनांना एक आधार मिळतो, ती जमीन म्हणजे जणू त्या भावनांची लेखनपाटी असते, आणि हा वर्ग झपाट्याने नाहीसा होत आहे, हे त्याला त्या सत्ताधारी वर्गातील माणसाला सांगावयाचे होते. ‘मायकेल’ ही तर एका घराचीच कथा आहे. म्हाताऱ्या मेंढपाळाच्या घरात रात्री उशिरापर्यंत दिवा जळतो. खोऱ्यातले लोक त्या घराला शुक्रताऱ्याचे नाव देतात. पुतण्यासाठी दिलेली हमी अंगाशी येते, जमीन वाचविण्यासाठी मुलाला शहरात धाडावे लागते, मुलगा वाया जातो आणि मेंढवाडा अर्धा राहतो. अखेरीस जमीन परक्याच्या हाती जाते आणि घर होते तेथे नांगर फिरतो. उरतो दाराशी असलेला ओक. बी.ए.च्या वर्गात ही कविता शिकविताना मी वर्षानुवर्षे पिता-पुत्रसंबंधांवर बोललो. गहाणखताविषयी बोललो नाही, याची आता चुटपुट लागते.

वर्डस्वर्थचे भाकीत अक्षरशः खरे ठरले. १८४४ मध्ये वर्तमानपत्रात पत्रे लिहून त्याने रेल्वेला विरोध केला. १८४७ मध्ये ती विंडरमिअरपर्यंत आलीच. गिरण्यांचे, खाणींचे, मद्यभट्ट्यांचे मालक सरोवराकाठी घरे बांधू लागले. त्यांच्यापैकी काहींनी रसिकतेचे नियम मनापासून पाळले, हे कबूल केले पाहिजे. मँचेस्टरचा मद्यउत्पादक एडवर्ड होल्ट याच्यासाठी एम. एच. बेली स्कॉट याने १८९८ ते १९०० या काळात बांधलेले ‘ब्लॅकवेल’ हे घर त्यांपैकी सर्वांत सुंदर. गिलाव्याच्या भिंती, स्थानिक स्लेट, आणि तीच गोल धुराडी. मध्यभागी मोठे दालन आणि त्यात बसता येईल एवढी प्रशस्त चुलीची कमान, म्हणजे शेतकऱ्याचे ‘फायरहाउस’ सुसंस्कृत होऊन आलेले. जवळच व्हॉयझीने एका कोळसाखाणमालकासाठी ‘ब्रॉड लेज’ बांधले. परंपरेतून नवे घर कसे घडवावे याचे धडे आजही या घरांवरून घेतले जातात. पण ब्लॅकवेल हे सुट्टीचे घर होते. चूल उत्तम होती. तिच्यावर शिजवून खाणारे घर मँचेस्टरला राहत होते.

याच्या उलट उदाहरण ट्राउटबेक येथील ‘टाउनएंड’चे. ब्राउन नावाचे शेतकरी घराणे सतराव्या शतकापासून १९४३ पर्यंत त्या घरात राहिले. पिढ्यामागून पिढ्या थोरल्या मुलाचे नाव जॉर्ज. प्रत्येकाने काही जोडले, काही कोरले. कपाटे, पलंग, पुस्तके सारे तेथेच साठत गेले. वर्डस्वर्थला अभिप्रेत असलेले घर पाहावयाचे तर हेच. आज ते नॅशनल ट्रस्टच्या ताब्यात आहे. १८९५ साली ऑक्टेव्हिया हिल, रॉबर्ट हंटर आणि याच प्रदेशातील धर्मगुरू हार्डविक रॉन्सली यांनी ही संस्था काढली. मुलांच्या गोष्टींसाठी प्रसिद्ध असलेल्या बिअट्रिक्स पॉटर हिने १९०५ साली ‘हिल टॉप’ हे शेत घेतले, पुढे अनेक शेते घेतली आणि १९४३ मध्ये मृत्यूसमयी चार हजारांहून अधिक एकर जमीन संस्थेला दिली. तिने शेतांबरोबर शेतकरी आणि हर्डविक जातीच्या मेंढ्याही जपल्या. घर, जमीन आणि राबणारे कुळ ही एकच वस्तू आहे, हे तिला कवीइतकेच कळले होते आणि, स्पष्ट बोलायचे तर, ते व्यवहारात उतरविणे कवीपेक्षा अधिक साधले.

कायदा यानंतर आला. १९४५ साली जॉन डावर याने राष्ट्रीय उद्यानांचा अहवाल दिला. डावर पेशाने वास्तुविशारद होता. १९४७च्या नगर व ग्रामनियोजन कायद्याने कोणतेही नवे घर बांधण्यास परवानगी अनिवार्य केली, १९४९च्या कायद्याने उद्यानांना आधार दिला, आणि १९५१ साली सरोवर-प्रदेश राष्ट्रीय उद्यान झाला. कवीचे नियम, त्याचे नाव न घेता, आता शासनाचे नियम झाले: उंची किती, छप्पर कशाचे, भिंतीचा रंग कोणता, झाडे कोणती. खुल्या रानात एकाकी नवे घर बांधणे जवळजवळ अशक्य झाले. अपवाद प्रामुख्याने शेतीसाठी तेथेच राहणे ज्याला अपरिहार्य आहे त्याचा. ज्या घराला मुलगा विनापरवाना एक खोली जोडीत असे, तसे उगवणारे घरही अर्थातच संपले.

१९९७ साली पर्यावरणमंत्री जॉन गमर यांनी इंग्लंडच्या नियमांत आणखी एक अपवाद घातला. वास्तुकला आणि भूदृश्य या दोन्ही दृष्टींनी असामान्य असलेल्या एकाकी घराला परवानगी मिळू शकेल, असा तो होता. या कलमाचा पाठभेदांचा इतिहास एखाद्या संपादकाला मोह पडावा असा आहे. २००४च्या पाठात घर असामान्य असावे ‘आणि’ नवी वाट पाडणारे असावे, असे आले. पारंपरिक शैलीत काम करणारे वास्तुविशारद हवालदिल झाले, कारण परंपरेतून चालणाऱ्याने नवी वाट पाडल्याचे सिद्ध कसे करावे? २०१२ मध्ये असामान्य ‘किंवा’ नावीन्यपूर्ण, अशी सवलत मिळाली. २०२१ मध्ये नावीन्याचा शब्दच गळला. राहिली ती असामान्य गुणवत्ता, भोवतालाची शोभा लक्षणीय वाढविण्याची अट आणि स्थानिक वैशिष्ट्यांविषयीची संवेदनशीलता. राष्ट्रीय उद्यानात या अपवादातूनही पार होणे फार कठीण. पण शब्दांची ही हालचाल मला उद्बोधक वाटते. सतरा वर्षे विशेषणांवर वाद झाला. या घरात कोण राहणार, हा प्रश्न कलमाच्या कोणत्याच पाठात नाही.

सरोवर-प्रदेशातील नियोजनकर्त्यांना तो प्रश्न टाळता आला नाही. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी नवी घरे स्थानिक लोकांसाठीच राखण्याचा प्रयत्न केला. मार्क शक्स्मिथ यांनी त्याचा अभ्यास केला, तेव्हा बाहेरच्या खरेदीदारांची मागणी नव्या घरांवरून वळून जुन्या घरांवर गेली आणि जुनी घरेच अधिक महाग झाली, असे दिसून आले. म्हणजे ज्या घरांच्या फडताळांवर नवरा-बायकोची आद्याक्षरे कोरलेली आहेत, तीच आधी हातची गेली. पुढील आराखड्यांतही स्थानिक गरज व कायम वास्तव्य यांच्या अटी निरनिराळ्या रूपांत येत राहिल्या. आणि तरीही काही गावांत हिवाळ्याच्या संध्याकाळी मोजक्याच खिडक्यांत दिवे दिसतात. २०१७ साली युनेस्कोने या प्रदेशाला जागतिक वारसास्थळ घोषित केले ते रानाचा तुकडा म्हणून नव्हे, तर सांस्कृतिक भूदृश्य म्हणून. मेंढपाळ कुटुंबांची शेती हा त्या वारशाचा एक घटक म्हणून त्यात स्पष्टपणे नोंदला गेला आहे. फॉक्सला लिहिलेल्या पत्रातली गोष्ट अशा रीतीने दोनशे सोळा वर्षांनी अधिकृत कागदावर आली.

रॅशवरील घराचे पुढे काय झाले, हे सांगावयाचे राहिले. ते झाले असते तर मार्गदर्शिकेतील नियमांची परीक्षा तिच्या लेखकाच्याच घरावर झाली असती, आणि त्याची धुराडी नीट चालली की नाही, हेही डोरोथीने आपल्याला कळविले असते. कवीने ते कुरण आपल्या मुलीच्या नावे केले. डोरा १८४७ साली, रेल्वे विंडरमिअरला पोहोचली त्याच वर्षी, मरण पावली. तिच्या स्मरणार्थ आई-बापांनी तेथे डॅफोडिल्स लावली, असे सांगतात. कवी १८५० मध्ये रायडल माउंटमध्येच वारला, भाडेकरू म्हणून. त्याची पत्नी मेरी १८५९ पर्यंत तेथे राहिली. ते घर विकत घेतले ते त्याच्याच वंशातील एका स्त्रीने, १९६९ साली. खालचे कुरण नॅशनल ट्रस्टकडे आहे, आणि तेथे आता कोणालाही घर बांधता येणार नाही.